बदली पाठवली म्हणजे तक्रार मिटली का? घरपोच काळजीसेवेतल्या तक्रारी हाताळताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा अपंगत्वामुळे दुसऱ्यावर अवलंबून असलेल्या प्रौढांसाठी घरी केअरटेकर पुरवणाऱ्या एका छोट्या संस्थेत तक्रारींचं काम नुकतंच तुमच्याकडे आलं आहे. फोन बहुतेक मुलामुलींचे असतात. "मावशी दिवसभर मोबाइलवर असतात." "आईच्या दंडावर काळेनिळे डाग दिसले." "अंगठी सापडत नाही." केअरटेकरला विचारलं तर ती म्हणते, आजींना काही आठवत नाही, त्या काहीही बोलतात. खरं कोणाचं ते कळत नाही, म्हणून संस्थेत पद्धत पडली आहे की दुसऱ्या दिवशी बदली पाठवायची. घरचे शांत होतात. हे बरोबर आहे का, आणि नसेल तर काय करावं?

बरोबर नाही. बदलीने फोन थांबतो, एवढंच. केअरटेकरने खरंच दंड धरून ओढलं असेल, तर उद्या ती दुसऱ्या घरी कुणाचा तरी दंड धरणार, आणि त्या घराला त्याची कल्पनाही नसणार. तिने काही केलं नसेल, तर एका कष्टाळू बाईच्या नावावर कायमचा संशय बसला. आणि डाग रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा डोस जास्त झाल्याने पडले असतील, तर ती गोळी आजही तशीच चालू आहे. तिन्ही वेळा आजींना काय झालं हे कोणालाच कळलेलं नाही.

या कामात अनेक वर्षं घालवल्यावर मी एकाच गोष्टीचा आग्रह धरते. तक्रार कोणीही केलेली असो, ज्याच्या अंगावर ती घडते आहे त्या माणसाला आधी भेटा, आणि एकट्याला भेटा. मुलगी फोन करते, केअरटेकर खुलासा देते, सुपरवायझर दोघींची समजूत घालतो. ज्यांची सेवा चालली आहे त्या आजींना मात्र कोणी काही विचारतच नाही. बाकी सगळी कार्यपद्धती यानंतरची.

फोन आला की त्याच क्षणी एक गोष्ट ठरवायची: हा माणूस आज रात्री सुरक्षित आहे का? मार, जखम, उपासमार, औषध न मिळणं, लैंगिक अत्याचार, पैसे किंवा सह्या काढून घेणं यांतलं काहीही ऐकू आलं, तर तिथून पुढे ती नेहमीची तक्रार राहत नाही. त्या दिवशीच्या त्या दिवशी कोणीतरी घरी पोचलं पाहिजे, डॉक्टरांना दाखवलं पाहिजे, आणि गुन्ह्याचा संशय असेल तर पोलिसांना कळवलं पाहिजे. "आधी आपण आतल्या आत चौकशी करू" हे अशा वेळी धोकादायक असतं. तुम्ही केअरटेकरला फोन करून विचारता, ती सावध होते, चादरी धुतल्या जातात, वहीतल्या नोंदी बदलतात. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पेशंटला आंघोळ घालू नका, कपडे बदलू नका, तपासणी होईपर्यंत थांबा. हे घरच्यांना फोनवरच सांगावं लागतं, कारण अशा वेळी आईला स्वच्छ करायची त्यांची धडपड स्वाभाविक असते. ज्या केअरटेकरबद्दल आरोप आहे तिला त्या घरातून तात्पुरतं बाजूला करा, पण पगार न कापता. चौकशी संपण्याआधी पैसे कापले की ती शिक्षा ठरते. मग पुढच्या वेळी एकही केअरटेकर आपणहून काही सांगणार नाही.

उशिरा येणं, मोबाइल, स्वयंपाकघरातला पसारा, उद्धट बोलणं अशा तक्रारींत इतकी घाई नसते. पण त्याही नोंदवायच्या, त्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी पोच द्यायची, आणि कधीपर्यंत उत्तर देणार ती तारीख सांगायची. मोबाइलच्या तक्रारीला किरकोळ समजू नका. केअरटेकर तासन् तास मोबाइलवर असेल तर कूस बदलली जात नाही, पाणी पाजलं जात नाही.

आता भेटीबद्दल सविस्तर सांगते, कारण सगळं यावर अवलंबून आहे. भेटीच्या वेळी केअरटेकर खोलीत नको आणि शक्यतो नातेवाईकही नकोत. मुलीसमोर आजी मुलीला आवडेल ते बोलतात, केअरटेकरसमोर गप्प बसतात. त्यांच्या मनात एकच भीती असते: मी काही बोलले आणि ही निघून गेली, तर उद्या मला संडासला कोण नेणार? म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट सांगा की तुम्ही काहीही सांगितलंत तरी उद्या सकाळी माणूस येणार आहे, सेवा थांबणार नाही. हे आश्वासन खरं असायला हवं. म्हणून घरातून निघण्याआधी उद्याच्या ड्युटीची सोय करूनच जा.

प्रश्न उघडे ठेवा. "मावशींनी मारलं का?" असं विचारलं की उत्तर तुम्हीच तोंडात घातलं. "सकाळी उठल्यापासून काय काय होतं ते सांगा," "आंघोळीच्या वेळी कसं वाटतं?" अशा प्रश्नांतून जे येतं ते त्यांच्या शब्दांत, जसंच्या तसं लिहून घ्या. स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाला तारीख आठवणार नाही, पण कोणाला पाहिल्यावर अंग आक्रसतं, कोणाचा आवाज ऐकल्यावर हात थरथरतो, हे दिसतं. तेही लिहा. मात्र "घाबरलेल्या होत्या" हा तुमचा निष्कर्ष झाला. "मावशी दारात आल्यावर त्यांनी चादर हनुवटीपर्यंत ओढली" हे तुम्ही पाहिलेलं. वहीत दुसरं वाक्य हवं.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याबाबत "त्यांच्याकडून काही कळणार नाही" असं गृहीत धरलं जातं. मी पाहिलेले एक आजोबा आठवतात. पक्षाघाताने उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलेलं. सूनबाईंची तक्रार होती की केअरटेकर त्यांना नीट पुसत नाही. डोळे एकदा मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, असं ठरवून मी विचारलं, "अंग रोज पुसतात का?" हो. मग मुद्दाम उलट विचारलं, "अंग पुसायचं राहतं का?" तरीही हो. दोन्हीला हो आलं म्हणजे उत्तर भरवशाचं नाही. प्रश्न उलटसुलट विचारायचे ते यासाठीच. शोधाशोध केल्यावर टेबलाच्या खणात श्रवणयंत्र सापडलं, सेल संपलेलं. नवा सेल घातल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा उत्तरं सुसंगत येऊ लागली. पुसण्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. चित्रांची कार्डं दाखवत दाखवत पुढे गेल्यावर ते दाराच्या चित्रावर थांबले. डायपर बदलताना खोलीचं दार उघडं राहायचं आणि समोरच्या खोलीतून घरातली माणसं ये-जा करायची. ही तक्रार कोणीच केली नव्हती. केअरटेकरला दार लावायला सांगितलं, श्रवणयंत्राचा सेल तपासणं रोजच्या कामाच्या यादीत घातलं, आणि सूनबाईंना पुसण्याबद्दल काय आढळलं ते कळवलं.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुण व्यक्तींनाही हेच लागू आहे. छोटी वाक्यं, चित्रं, एका वेळी एकच प्रश्न, आणि भरपूर वेळ. सगळं एका भेटीत उरकायचा हट्ट नको.

संमतीचा मुद्दाही इथेच येतो. आजींना समजत असेल, तर त्यांनी सांगितलेलं मुलांना कळवायचं की नाही हे आजी ठरवतील. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारातलं कलम १२ हेच तत्त्व मांडतं की अपंगत्व आहे म्हणून माणसाचा स्वतःबद्दलचे निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार संपत नाही. त्याच करारातलं कलम १६ शोषण, हिंसा आणि छळापासून संरक्षणाबद्दल आहे. प्रत्यक्ष कामात ही दोन कलमं कधीकधी एकमेकांना ताणतात. आजी म्हणतात कोणाला सांगू नका, आणि अंगावर तर मार दिसतो आहे. जिवाला धोका असेल किंवा तीच केअरटेकर इतर घरीही जात असेल, तर गुप्तता पाळण्याचं वचन देता येत नाही. ते आजींना आधीच, सौम्यपणे सांगायचं. समज ही निर्णयागणिक वेगळी असते, हेही लक्षात ठेवा. बँकेचे व्यवहार कळत नसलेल्या बाईंना, आंघोळ कोणाकडून घालून घ्यायची, हे पक्कं कळत असतं.

आता तुम्ही लिहिलेल्या तीन तक्रारी घेऊ.

काळ्यानिळ्या डागांबद्दल आधी वैद्यकीय बाजू. वयामुळे त्वचा पातळ होते. वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, ॲस्पिरिन अशी रक्त गोठू न देणारी औषधं किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असतील, तर किरकोळ धक्क्यानेही डाग पडतात, विशेषतः कोपराखाली हातावर आणि नडगीवर. म्हणून औषधांची यादी आधी बघा आणि डॉक्टरांचं मत घ्या. दंडाच्या आतल्या बाजूला, दोन्ही हातांवर सारखे, बोटांच्या आकाराचे, मनगटाभोवती कड्यासारखे, कानावर, मानेवर, मांडीच्या आत असे डाग असतील तर चिंता करायला हवी. डागाच्या रंगावरून "हा तीन दिवसांपूर्वीचा" असं ठामपणे कोणी सांगत असेल तर त्यावर दोषारोप उभा करू नका, रंगावरून वय ठरवणं भरवशाचं नसतं. संमतीने फोटो घ्या, शेजारी मोजपट्टी ठेवून, तारीख-वेळेसह. शरीराच्या रेखाचित्रावर डागांच्या जागा नोंदवा. आणि केअरटेकरला विचारा की आजींना पलंगावरून खुर्चीत कसं घेता, करून दाखवा. अनेकदा तिथेच उत्तर मिळतं: काखेत किंवा दंडाला धरून उचलायची सवय, कारण योग्य पद्धत तिला कोणी शिकवलेलीच नसते आणि एकटीला वजन झेपत नाही. मग तो दोष प्रशिक्षणाचा आणि दोन माणसांच्या कामाला एक माणूस पाठवणाऱ्या संस्थेचा आहे. उत्तरात तसंच लिहा.

बेडसोअरची, म्हणजे एकाच स्थितीत पडून राहिल्याने दाबाखाली होणाऱ्या जखमेची, तक्रारही कधी ना कधी येईल. माकडहाड, टाचा, नितंबाची हाडं या जागा स्वतः बघा. लालसर जागेवर बोट दाबून सोडल्यावर ती क्षणभर पांढरी पडत नसेल, तर ती पहिली पायरी असते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही, तिथे ऊब, कडकपणा, दुखणं तपासावं लागतं. खूप आजारी माणसाला चांगली काळजी घेऊनही जखम होऊ शकते, त्यामुळे जखम दिसली की निष्काळजीपणा सिद्ध झाला असं नाही. चौकशीचा प्रश्न वेगळा: जखम पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली, त्या व्यक्तीने कोणाला सांगितलं, आणि पुढे कोणी काय केलं? सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर चार दिवसांपूर्वी आलेला फोटो तसाच पडून असेल, तर जाब केअरटेकरला विचारून चालणार नाही.

अंगठीचं प्रकरण सगळ्यात नाजूक. स्मृतिभ्रंशात वस्तू चोरीला गेल्याची भावना हे आजाराचं ओळखीचं लक्षण आहे. माणूस वस्तू लपवून ठेवतो आणि विसरतो. पण म्हणूनच ज्याला चोरी करायची असते त्यालाही हे घर सोयीचं वाटतं, कारण आजींवर कोणी विश्वास ठेवणार नाही हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे "त्यांना भास होतात" म्हणून फाइल बंद करायची नाही. घरच्यांबरोबर नेहमीच्या जागा शोधा: उशीचा अभ्रा, डाळीचा डबा, जुनी पर्स, औषधांचा खोका. घरात कोणकोण येऊन जातं याची यादी करा, केअरटेकर सोडून इतरांचीही. तिच्या पिशवीची झडती तुम्ही घ्यायची नाही आणि घरच्यांना घेऊ द्यायची नाही, तो अधिकार तुमचा नाही. सापडलं नाही तर घरच्यांना पोलिसांकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे हे सांगा, आणि त्यांना थोपवू नका. सेवा सुरू होतानाच दागिने, रोकड आणि कार्डांची यादी दोघांच्या सहीने करून ठेवली असती तर हे टळलं असतं. पुढच्या घरापासून ते सुरू करा.

आणखी एक गोष्ट तपासायची राहून जाते. आजी नव्या केअरटेकरवर ओरडतात, तिला ओळखत नाहीत, भलतंच बोलतात, आणि हे सगळं दोन-तीन दिवसांत अचानक सुरू झालं, तर आधी डॉक्टर. मूत्रमार्गाचा संसर्ग, न्यूमोनिया, शरीरातलं पाणी कमी होणं, बद्धकोष्ठता, नवं औषध, यांतल्या कशानेही वृद्धांना अचानक भ्रम होतो. तक्रार केअरटेकरची म्हणून येते आणि मुळात आजार निघतो.

नोंदवही वाचायला शिका. संपूर्ण आठवड्याच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दाबाने, ८:००, १०:००, १२:०० अशा नेमक्या वेळा, प्रत्येक ओळीत "पेशंट ठीक", असं दिसलं तर ती वही एका बैठकीत भरलेली असण्याची शक्यता मोठी. खऱ्या दिवसाच्या नोंदी ओबडधोबड असतात: १०:२० ला कूस बदलली, अर्धा कप दूध घेतलं, दुपारची गोळी थुंकली. वहीवर अवलंबून न राहता गोळ्यांची पाकिटं मोजा. महिन्याच्या सुरुवातीला किती आणली, किती उरायला हवी होती, किती उरली? डायपरचं पुडकंही तसंच मोजा. वही खोटं बोलू शकते, रिकाम्या पाकिटाला ते जमत नाही.

केअरटेकरचं म्हणणं ऐकताना ती आरोपी आहे अशा थाटात बसू नका. बारा तासांची ड्युटी, घरात एकटी, जेवायला निवांत वेळ नाही, कधी पेशंटच हात उगारतो, कधी घरातला पुरुष नको तसं वागतो, आणि ती बोलत नाही कारण काम जाईल. आरोप काय आहे ते तिला स्पष्ट सांगा, तयारीला वेळ द्या, सोबत कोणी हवं असेल तर आणू द्या. आणि एक तारीख जरूर तपासा: या तक्रारीच्या आधी तिने काही कळवलं होतं का? मुलगा आजींच्या पेन्शनचे पैसे काढून घेतो, सून जेवण देत नाही, असं केअरटेकरने सुपरवायझरला सांगितलं आणि आठवडाभरात तिच्याचविरुद्ध तक्रार आली, हा क्रम मी पाहिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार समाजात राहणाऱ्या ६० वर्षांवरील सुमारे ६ पैकी १ व्यक्तीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. तो करणारे बहुतेक वेळा ओळखीचे, विश्वासातले असतात, आणि त्यांत घरचेही आले. तक्रार करणारा माणूस म्हणजे पेशंटचा हितचिंतक, असं धरून चालू नका. तो तसा नाही असंही धरू नका.

चौकशी कोण करणार? ज्या सुपरवायझरने ती ड्युटी लावली त्याने नव्हे. संस्था छोटी असेल तर दुसऱ्या संस्थेतली अनुभवी नर्स किंवा समाजसेवक बोलवा. मालकांना हा खर्च नकोसा वाटेल. त्यांना इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर रुग्णालयाचं उदाहरण द्या. तिथे रुग्णांना पाणी मिळत नाही, वेळेवर स्वच्छता होत नाही, असं नातेवाईक वर्षानुवर्षं सांगत होते आणि व्यवस्थापन आकडे आणि लक्ष्यं बघत होतं. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २०१३ मध्ये आला. त्यानंतर इंग्लंडमध्ये, गंभीर चूक झाली की ती रुग्णाला आणि कुटुंबाला स्वतःहून सांगणं हे सेवा देणाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक झालं, आणि ते घरपोच काळजीसेवेलाही लागू आहे. तिथे कायदा होण्याआधी किती माणसांना सोसावं लागलं हे पाहिलं, तर आपल्याकडे आलेला प्रत्येक फोन मोलाचा वाटायला हवा.

लेखी उत्तरात काय आढळलं, काय सिद्ध झालं, काय सिद्ध करता आलं नाही, आणि आता काय बदलणार, हे साध्या भाषेत लिहा. "आपल्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत" हे वाक्य कृपा करून वापरू नका, त्यात चूक तक्रार करणाऱ्याच्या भावनांची ठरते. "मंगळवारी आणि बुधवारी रात्रीची बीपीची गोळी दिली गेली नाही. ती द्यायला हवी होती. आम्ही आजींची माफी मागतो," असं लिहा. माफी आजींचीही मागायची, त्यांच्यासमोर बसून. मुलीला पत्र गेलं आणि आजींना काहीच सांगितलं नाही, असं होता कामा नये. जे सिद्ध झालं नाही त्याबद्दल "तक्रार खोटी होती" असं लिहू नका. पुरावा न मिळणं आणि घटना न घडणं यांत फरक आहे, विशेषतः बंद खोलीत दोनच माणसं असतील तेव्हा.

कॅमेऱ्याबद्दल घरचे विचारतील. घर त्यांचं असलं तरी शरीर आजींचं आहे. आजींना विचारल्याशिवाय आणि केअरटेकरला सांगितल्याशिवाय कॅमेरा नको, आणि अंग पुसणं, डायपर बदलणं जिथे होतं तिथे तो मुळीच नको.

सगळ्या तक्रारी एकाच रजिस्टरमध्ये ठेवा आणि दर महिन्याला घरानुसार, केअरटेकरनुसार, शिफ्टनुसार चाळा. एकाच केअरटेकरबद्दल वेगवेगळ्या घरांतून "जरा हाताने जड आहे" असं तीनदा आलं, तर प्रत्येक वेळी ते किरकोळ वाटलं होतं हे विसरून जा. उलट एकाच घरातून चार वेगवेगळ्या केअरटेकर "उशिरा येतात" म्हणून तक्रार असेल, तर ड्युटीचं वेळापत्रक बघा: आधीचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला असणार. आणि ज्या घरांतून वर्षभरात एकही फोन नाही, जिथे पेशंट एकटाच राहतो आणि विचारपूस करणारं कोणी नाही, तिथे स्वतः जा. ही घरं मला सर्वात जास्त काळजीची वाटतात.

शेवटी, तुमच्या उत्तराने समाधान झालं नाही तर कुठे जायचं हे तक्रार करणाऱ्याला सांगणं तुमचंच काम आहे. नियामक यंत्रणा, ग्राहक न्यायालय, वृद्ध किंवा अपंगांसाठीची हेल्पलाइन, पोलीस, जिथे जे लागू असेल त्याचा पत्ता आणि फोन क्रमांक उत्तराच्या पत्रातच छापा. तोच कागद मोठ्या अक्षरांत आजींच्या पलंगाजवळ, त्यांचा हात पोचेल अशा उंचीवर लावा, आणि त्यांना फोन लावता येत नसेल तर तो कोण लावून देणार हे त्यांनाच विचारून, त्या व्यक्तीचं नाव त्यावर लिहा.